बर्फाचा वाफसा

डोंगरातल्या बर्फावर आखूड पट्ट्याची स्कूटर कधी काढायची आणि कधी झाकून ठेवायची, हे नागपूरच्या बाईला काय कळणार, असं माझ्या तोंडावर म्हणणारी माणसं मी जन्मभर पाहत आले. त्यांतली काही आता राहिली नाहीत, काहींना ऐकू येत नाही, आणि जी उरली आहेत त्यांना मी अजूनही तेच सांगते, की मला कळतं. परवा माझ्या भाच्याचा पोरगा मोबाइल नाचवत आला. म्हणे आजी, यात सगळं दिसतं, कुठं किती बर्फ पडला, वारा किती, ऊन किती. म्हटलं, दिसत असेल बाप्पा. पण किती पडला हे विचारतंय कोण? पडल्यावर त्याचं काय झालं ते सांग. रात्री आभाळ भरलेलं होतं की चांदण्या होत्या ते सांग. पोरगं मोबाइल खिशात घालून निघून गेलं. आताशा घरात कोणी माझ्याशी या विषयावर वाद घालत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्याची चुटपुट लागते.

जन्म माझा जरीपटक्यातला. बाजाराच्या मागच्या गल्लीत बाबांचं पाण्याच्या पंपांचं आणि फवारणीच्या इंजिनांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या पाठीमागे आमच्या दोन खोल्या. पुढून हातोडीचा ठणठणाट, मागून आईच्या पितळी स्टोव्हची घरघर, आणि मधल्या भिंतीला टेकून मी अभ्यास करायची. आई पहाटे उठायची असं म्हणतात, पण तिला उठताना आम्ही कधी पाहिलंच नाही. डोळे उघडले की ती स्टोव्हपाशी दिसायची आणि मिटताना पण तिथंच. तिच्या पोह्यांवरची तर्री म्हणजे वर लालभडक तवंग, खाली मऊ शिजलेले हरभरे, आणि त्यावर कच्चा कांदा आणि हातानं तोडलेला सांबार. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या माणसानं उगीच गोंधळून जाऊ नये. वासावर गल्लीतली माणसं दुकानात येऊन उभी राहायची, पंप बिघडलेला नसला तरी. मला सगळे बेबी म्हणायचे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथंच बरं आहे.

रविवारी मी बाबांबरोबर बसनं काटोलला जायची. काटोलच्या अलीकडे आमचं शेत होतं, वरच्या अंगाला संत्र्याची बाग आणि खाली काळी जमीन, आणि ते सगळं काका बघायचे. ट्रॅक्टर मला तिथंच चालवायला मिळाला. बाबांना मुलगा नाही म्हणून ते पोरीला ट्रॅक्टर शिकवतात, असं लोक म्हणत. लोकांना काय, म्हणायला तोंड लागतं. मी मागे लागले म्हणून त्यांनी शिकवला, आणि मागे लागण्यात माझा हात कोणी धरला नसता. पण ट्रॅक्टरच्या आधी त्यांनी मला वाफसा शिकवला. पाऊस उघडला की गावात सगळ्यांची एकच घाई, औत घाला, ट्रॅक्टर घाला. बाबा मात्र वाकून मूठभर माती उचलायचे, दाबायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडून द्यायचे. गोळा तसाच्या तसा पडला तर घरी जाऊन चहा प्यायचा. पडल्याबरोबर फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, आता जमीन वजन झेलेल. एकदा काकांनी ऐकलं नाही. वरून जमीन छान सुकलेली दिसत होती, भेगासुद्धा पडायला लागलेल्या, आणि ते ट्रॅक्टर घेऊन आत गेले. वरून पापडी, खाली नुसतं लोणी. मागची चाकं जागेवर फिरत राहिली, ट्रॅक्टर पोटावर बसला, आणि काढायला अख्ख्या शिवाराचे बैल लागले. बाबा बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "तिले इचाराव लागते आधी, बेबी. तिनं हो म्हटलं तरच पाय टाकाव." मी ते कायमचं डोक्यात ठेवलं.

आता यात बर्फ कुठून आला, तर आईच्या तर्रीतून. आईचा एक चुलतभाऊ होता, गजूमामा. आधी तो लग्नाच्या बसगाड्या ठरवून द्यायचा, मग त्यानं सहली काढायला सुरुवात केली. नागपूरच्या आणि आसपासच्या लोकांना हिवाळ्याच्या शेवटी हिमाचलात न्यायचं आणि बर्फ दाखवून आणायचा. पण आपल्या लोकांना बर्फ पाहायला एक वेळ नाही मिळाला तर चालतो, सकाळी पोहे पाहिजेत. गजूमामा दुकानात येऊन आईसमोर बसला.

"ताई, तुया हातचे पोहे बर्फात खाऊ घातले ना, तर लोकं पुढच्या वर्षी सोताहून येतीन. तू चालच."

आई कधी काटोल-कामठीच्या पलीकडे गेली नव्हती. पण ती गेली. स्टोव्ह, पोह्यांची पोती, तिखटाचे डबे, वड्यांचं बेसन असं सगळं घेऊन रेल्वेत बसली, आणि हाताखाली म्हणून मला नेलं. गजूमामाची एक ताकीद होती. गिऱ्हाइकांसमोर त्याला गजाननराव म्हणायचं, आणि तो आईला ताई न म्हणता कुसुमबाई म्हणणार. लहानपणी ज्याचं शेंबडं नाक आईनं पदरानं पुसलं होतं, त्याला ती मान खाली घालून गजाननराव म्हणायची. मला ते ऐकून चीड यायची, पण आई म्हणायची, म्हटल्यानं आपलं काही झिजत नाही.

आमचं बिऱ्हाड असायचं ते गाव डोंगराच्या कुशीत होतं, चार लाकडी हॉटेलं आणि एक टेलिफोनचं बूथ. स्वयंपाकघर हॉटेलच्या मागच्या बाजूला. तिथं तेल थिजून बाटलीतून निघायचं नाही, हरभरे शिजता शिजायचे नाहीत, आणि आई कुकरला शिव्या घालत त्याच्यापुढे बसून राहायची. आणि खिडकीबाहेर ठाकुरजींचं मशीन उभं असायचं. ठाकुरजी तिथलेच, वयानं बाबांएवढे. त्यांनी कुठूनशी परदेशातली जुनी बर्फावरची स्कूटर आणली होती. पुढं दोन पट्ट्या घसरायला, मागे रबराचा दातेरी पट्टा गोल फिरणारा. पट्टा आखूड होता. डोंगरात लांब पट्ट्याचं मशीन लागतं, ते खोल बर्फावर तरंगतं. हे बिचारं सपाटीवर चालायला बनवलेलं. गावातले लोक ठाकुरजींना हसत, कोणी म्हणे याला विकून खेचर घ्या. ठाकुरजी हॉटेलसमोरच्या दाबून टणक केलेल्या चौकात पर्यटकांना गोल गोल फिरवत आणि त्यावर समाधान मानत.

एक दिवस ते मशीन सुरूच होईना. मी भांडी घासता घासता आवाज ऐकत होते, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. बागेतल्या फवारणीच्या इंजिनाचा हुबेहूब आवाज. मी राखेचे हात पुसले, बाहेर गेले, प्लग काढला, तव्यावर शेकवला आणि परत लावला. पहिल्या दोरीला सुरू. ठाकुरजी माझ्याकडे बघतच राहिले. "बेटी, चलाओगी?" म्हणाले. ते विचारतील तोपर्यंत मी बसले पण होते.

पण चौकात गोल फिरून माझं मन भरेना. गावाच्या वर, एक नाला ओलांडून, मोठं कुरण होतं. उन्हाळ्यात तिथं मेंढ्या चरतात, हिवाळ्यात सगळं पांढरं. ठाकुरजी म्हणायचे, तिथं हे मशीन जात नाही. मी म्हटलं, बघू. दुपारची वेळ साधली, कारण दुपारी आई जरा लवंडायची. ऊन छान पडलं होतं, आणि आपल्या डोक्यात ऊन म्हणजे चांगली वेळ हे लहानपणापासून घट्ट बसलेलं. नागपूरचा माणूस थंडीत आधी ऊन निघू देतो, मग बाहेर पडतो. मी निघाले आणि पहिल्याच चढावर पट्ट्यानं स्वतःसाठी खड्डा खणला. जितकं रेटावं तितकं मशीन खाली. मी उतरले तर मांडीपर्यंत आत. तिथं बसून मी बर्फाची मूठ उचलली, दाबली आणि सोडली. गोळा तसाच्या तसा पडला. बाप्पा! मी एकटीच मोठ्यानं हसले. काकांचा ट्रॅक्टर, दुसरं काय.

त्यानंतर मी रोज मूठ दाबून बघायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, उन्हातला बर्फ, सावलीतला बर्फ. आणि हळूहळू कळलं. नवा ताजा बर्फ पडला की काही दिवस मशीनला हातही लावायचा नाही, तो कापसासारखा असतो, आखूड पट्टा त्यात बुडतो. तो बसू द्यायचा, दिवसा उन्हानं ओलसर होऊ द्यायचा आणि रात्री गोठू द्यायचा. हे होण्यासाठी रात्र निरभ्र पाहिजे. आभाळ आलेलं असेल तर बर्फ नीट गोठत नाही, मग थंडी कितीही वाजो. चांदण्यांच्या रात्रीनंतर, उजाडता उजाडता, सूर्य उतारावर यायच्या आत, तोच बर्फ दगडासारखा झालेला असतो. टाच सगळं वजन टाकून दाबली तरी नुसती खूण उठते. मूठ दाबली तर गोळा होतच नाही, जाड्या साखरेसारखे दाणे बोटांतून गळतात. तेव्हा आखूड पट्ट्याचं हे मशीन असं पळतं की लांब पट्ट्यावाल्यांनी बघत राहावं. कुठंही जा. पण ऊन अंगावर आलं की परत फिरायचं, कितीही मजा येत असली तरी. आणि मुलं ज्या बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारतात ना, तो बर्फ मशीनसाठी मेलेला. खेळायला चांगला तो चालवायला वाईट. हे मला कोणी शिकवलं नाही. ठाकुरजींना त्यातलं बरंच ठाऊक असणार, पण ते चौकाच्या बाहेर जायलाच तयार नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात मी परत गेले, आणि आता माझं ठरलं होतं. मला ठाकुरजींकडे मशीन चालवायला राहायचं होतं, अख्खा हिवाळा. घरी मात्र काटोलच्या एका स्थळाचं बोलणं सुरू झालेलं. बाबा पंपाचं झाकण उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "गजू सांगीन ते. त्यानं म्हटलं पोरगी सांभाळून राहते, तर पुढचं पाहू. नाही तर हे शेवटचं." म्हणजे माझी सगळी गाडी गजूमामाच्या एका शब्दावर अडकली होती, आणि हे मामालाही चांगलं माहीत होतं.

त्या वर्षी मामानं पत्रकावर छापलं होतं, 'वरच्या कुरणावर बर्फाच्या स्कूटरची सफर'. मला न विचारता. मागच्या वर्षी मी एकदा पहाटे त्याला तिथं नेऊन आणलं होतं, त्याचं हे फळ. शेवटच्या तुकडीचे लोक आले. त्यात एक वकीलसाहेब होते, कानाला मफलर आणि तोंडाला नियम. नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. बाकी काकू-मावश्या आणि त्यांची पोरं. ठाकुरजी खाली खोऱ्यात भाचीच्या लग्नाला गेले होते आणि चावी माझ्याकडे देऊन गेले होते. रात्री आकाश स्वच्छ होतं. मी जेवणाच्या वेळीच सगळ्यांना सांगितलं, उद्या झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचं, पोहे वरून परत आल्यावर खायचे.

लोक हसले. "एवढ्या थंडीत? ऊन तर निघू दे वं!" एक काकू म्हणाल्या. मामा म्हणाला, "तिचं नका मनावर घेऊ. आरामात उठा."

पहाटे मी एकटीच मशीनपाशी उभी होते. बर्फ असा कडक की बुटाखाली कुरकुर वाजत होता. मी दारं ठोठावली. कोणी आतून ओ दिली, कोणी दिलीच नाही. मग ऊन आलं, मग लोक आले, मग पोहे आले. आईचे पोहे पहिल्यांदा वाढून झाले, दुसऱ्यांदा झाले, वकीलसाहेबांनी नुसती तर्री वाटीत मागून घेतली. मग चहा, मग सगळ्यांचा फोटो, मग मावशींचा मोजा सापडेना. मी खिडकीतून समोरचा उतार बघत होते. तो आधी चमकला, मग ओला दिसायला लागला. अंगणात पोरं बर्फाचे गोळे करून एकमेकांना हाणत होती.

सगळे नटूनथटून मशीनपाशी आले तेव्हा सूर्य डोक्यावर चढत होता. मी टाच दाबली, घोट्याच्या वर पाय आत गेला. वाट त्या नाल्यावरून होती. नाल्यावर बर्फाचाच पूल असतो, खालून पाणी वाहत असतं. पहाटे तो पूल घट्ट असतो. दुपारचं मला त्याच्यावर एक मांजरसुद्धा न्यायचं नव्हतं, आणि इथं तर मागच्या सीटवर दोन-दोन पोरं बसवायचा बेत.

"काढ ना गाडी, बेबी," मामा म्हणाला. "लोकं उभे हायेत."

"नाही काढत."

"काहून?"

"बर्फ नरम झाला. नाल्यावरचा पूल वजन नाही धरत आता."

"सकाळी तर तूच चला चला करून राहिली होती!"

"सकाळी वाफसा होता. आता गेला."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. "बर्फाला वाफसा! अगं, पेरणी करायची आहे का तुला वर?" सगळे हसले. नवीन नवरीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. मला कानशिलं तापलेली कळत होती. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बरं, एक फेरी मारू, हळू मारू. मी म्हटलं, "हसा. पण गाडी निघत नाही."

मामानं मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "हे पाह्य. पत्रकात छापलं हाये."

"पत्रकात छापलं म्हणून बर्फ टणक होते का?"

"तुया बाबाले माह्या एका फोनची देर हाये. पुढच्या वर्षी इथं यायचं हाये ना तुले? मंग मुकाट्यानं गाडी काढ. नाही तर चावी दे, मी चालवतो. मी फटफटी चालवतो, हे काय मोठं लागून गेलं!"

इथं तुम्हाला वाटेल मी घाबरले. घाबरले तर होतेच. ज्या एका गोष्टीसाठी मी जीव टाकत होते ती समोर त्याच्या मुठीत होती, आणि मूठ उघडायला मला फक्त हो म्हणायचं होतं. पण ती पोरं मागे उभी होती, गोळे करून करून हात लाल झालेली. मी चावी काढली, वळले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. आई कांदा चिरत होती. तिच्या मसाल्याच्या गोल डब्याचं झाकण उघडं होतं. मी चावी तिखटाच्या वाटीत खुपसली, वरून बोटानं तिखट सारखं केलं आणि बाजूला उभी राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. बाहेरचं सगळं तिनं खिडकीतून ऐकलेलं होतं.

मामा आत आला. "चावी कुठी हाये?"

"गजाननराव," आई म्हणाली, "स्वयंपाकघरात बूट घालून नका येऊ."

"चावी पायजे मले, कुसुमबाई."

"मले काय इचारता? मी भाजी करून राहिली." आणि माझ्या आईनं शांतपणे डब्यातलं तिखट चमच्यानं घेतलं, फोडणीत टाकलं, आणि झाकण लावून डबा आपल्या मांडीपाशी ओढून घेतला. तिखट तेलात पडलं तसा असा खकाणा उठला की मामा खोकत खोकत बाहेर पळाला.

तो पूल त्या दुपारी खचला असता का? मला माहीत नाही. कोणी गेलंच नाही, तर कळणार कसं? मामानं पुढं वर्षानुवर्षं लग्नाकार्यात हेच बोलून दाखवलं, काही झालं नसतं, पोरीनं उगाच तमाशा केला. काही झालं नाही म्हणून तर बोलतोस मामा. झालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती तुला. मला त्याच्या पावतीची गरज तेव्हाही नव्हती आणि आज तर नाहीच नाही.

पण संध्याकाळी त्यानं फोन केला, आणि मला बूथवर बोलावून रिसीव्हर हातात दिला. पलीकडे बाबा होते. मागे दुकानातली हातोडी ऐकू येत होती.

"लोकायचं ऐकत जाव बेबी. परमुलखात हाये तू."

"बाबा, वाफसा नव्हता."

मला वाटलं, आता ते विचारतील, मूठ दाबून पाहिली का. त्यांनीच तर शिकवलं होतं.

"बर्फाले कायचा वाफसा वं?" बाबा म्हणाले. "गाडीत बस अन् घरी ये. पुढच्या वर्षीचं आता काही बोलू नको."

मामा काचेबाहेर उभा राहून सुपारी कातरत होता. मी त्याच्यासमोर रडले नाही. स्वयंपाकघरात येऊन पोत्यांवर बसले आणि रडले, दुःखानं कमी आणि रागानं जास्त. गजूमामाचं मला काही वाटलं नाही, तो तसाच होता. पण ज्या माणसानं मला माती विचारायला शिकवलं, त्याला माझ्या तोंडून आपलीच शिकवण ओळखू आली नाही, हे मला फार लागलं. आजही लागतं. आईनं माझ्यापुढे ताट ठेवलं, मी खाल्लं नाही, तिनं आग्रह केला नाही. ती बराच वेळ खिडकीतून वर आभाळाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आमची परतीची बस होती. मला जाग आली ती आईनं खांदा हलवला म्हणून. बाहेर नुकतं फटफटत होतं. मी उठून बसले आणि आधी काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग लक्षात आलं, स्टोव्हचा आवाज नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी अशी सकाळ ऐकत होते की ज्यात आईचा स्टोव्ह नव्हता. पोहे भिजवलेले नव्हते. परात कोरडी होती. आईनं लुगड्यावर माझा जुना स्वेटर चढवला होता, त्यावर बाबांचा कोट, पायात दोन-दोन मोजे. तिनं डबा उघडला, तिखटातून चावी काढली आणि पदरानं पुसली.

"आता हाये का तुया तो वाफसा?"

मी बाहेर जाऊन टाच दाबली. नुसती खूण उठली. "हाये."

"मंग चाल."

"आई, पोहे? लोकं उठतीन."

"उठू दे."

ती माझ्या मागे बसली आणि तिनं माझ्या कमरेला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. गाव ओलांडलं, चढ चढलो. पट्टा बर्फावर करकर करत नुसता पळत होता. नाल्यापाशी मी थांबले, उतरले, पुलावर चालून आले, पाय आपटून पाहिले. मग तिला घेऊन गेले. पूल हूं की चूं करत नव्हता. यावर वकीलसाहेब म्हणतील, बघा, पूल तर धरतो! पहाटे धरतो हो साहेब. तेच तर मी सांगत होते.

कुरणावर पोचून मी मशीन बंद केलं तेव्हा शिखरांवर नुकतं केशरी ऊन आलं होतं, आमच्यापर्यंत अजून आलं नव्हतं. आई उतरली. तिनं टाच दाबून पाहिली, मग वाकून बर्फ उचलला, मूठ दाबली आणि सोडली. दाणे सगळे मोकळे होऊन पडले. तिनं परत एकदा करून पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली आणि शिखरांकडे बघत राहिली.

"आई, काय झालं?"

"काही नाही वं," ती म्हणाली. "रोज सगळ्यायच्या आधी उठतो आपण. पण सकाळ काही पाह्यलीच नाही मी. पातेलंच पाह्यलं."

मी तिचा हात धरला, तो तिखटाचा वास येणारा हात. ऊन खालच्या दगडांपर्यंत उतरलं तसं तिनंच म्हटलं, "चाल, निघू. ऊन आलं म्हणजे थांबाचं नसते ना?" एवढं ऐकून मला जे वाटलं ते पुढं कुठल्या कौतुकानं वाटलं नाही.

आम्ही उतरून आलो तेव्हा हॉटेलच्या व्हरांड्यात सगळी मंडळी उभी होती. शाली, मफलर, कानटोप्या, आणि सगळ्यांच्या तोंडावर उपास. वकीलसाहेब हातात रिकामी वाटी घेऊन होते. गजूमामा पायऱ्या उतरून पुढं आला, लाल झालेला.

"हे काय लावलं, कुसुमबाई? लोकं केव्हाचे उपाशी बसून हायेत! पोहे कुठी हायेत?"

आई मशीनवरून उतरली. पदर नीट केला. सगळ्यांच्या देखत, अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "भिजवाचे हायेत अजून, गजू."

वकीलसाहेबांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"भिजल्याशिवाय फोडणीत टाकता येत नाहीत," ती म्हणाली. "ज्याले त्याले आपला वेळ लागते. अन् बेबी पुढच्या हिवाळ्यात इथंच येऊन राहीन. तिच्या बाबाले मी सांगतो, तू फोन करू नको." मग ती आत गेली, कोरडी परात पुढं ओढली आणि सावकाश, अगदी सावकाश, पोहे निवडायला बसली.